पाला

जेसीबीचा आवाज आला की अजून माझं डोकं फिरतं. तलासरीजवळच्या आमच्या उतारावर ऐनाचं, बांबूचं दाट रान होतं. चिकूची बाग लावायची म्हणून मी ते दोन दिवसांत साफ करून घेतलं. खालच्या पाड्यावरची एक मावशी मजुरीला होती. ती म्हणाली, "गुरुजी, पाला तरी राहू द्या. माती त्याच्यावरच जगते." मी शाळेत विज्ञान शिकवणारा, तिच्यावरच खेकसलो आणि पाला पेटवून दिला.

पहिल्या वर्षी राखेवर रोपं तरारली. बोर्डीच्या पाहुण्यांना मी बाग मिरवून दाखवली, मूर्खासारखी! तिसऱ्या पावसाळ्यानंतर कुदळ मारली तर खाली नुसता मुरूम खणखणला. काळी माती ओढ्याने केव्हाच नेली होती. खताचा दुकानदार म्हणतो, आणखी टाका. कशात टाकू? दगडात?

शेवटी मावशीच्याच दारात गेलो. म्हटलं, "तुमच्या रानातला पाला गोण्या भरून द्याल का?"

ती चिडलीसुद्धा नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मग आमच्या मातीने काय खायचं, गुरुजी?"