पेनीसाठी बघितलेलं स्थळ

कुंदावन्संची आणि माझी शेवटची भेट कुंपणाशी झाली. घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या, अंगात पंजाबी ड्रेस, पायात चिखलाने भरलेले गमबूट, मांडीवर भाजलेल्या शेंगांची पिशवी. समोर त्यांची मुलगी नेहा एका तरुण घोड्याला गोल फिरवत होती. "वहिनी, बघा, आज मान सैल सोडलीय त्याने," एवढंच म्हणाल्या आणि सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. आठवडा उलटायच्या आत झोपेतच गेल्या. सकाळी नेहाचा फोन आला. "मामी, आई गेली," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "मी आधी घोड्यांना खायला घालते, मग तुला घ्यायला येते." मला त्याचं मुळीच नवल वाटलं नाही. कुंदावन्संच्या लेकीने दुसरं काय करायचं होतं...

लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ती माझी फ्रिस्कोतली नातवंडं. मुलांनो, तुमच्या आजोबांची ही धाकटी बहीण. तुम्ही त्यांना 'हॉर्स आजी' म्हणता, आणि तुम्हाला वाटतं की त्या जन्मल्या तेव्हापासून घोड्यांतच होत्या. तसं नाही. पुण्याहून इथे अमेरिकेत, हर्नडनला आल्या त्या नोकरीसाठी. सॉफ्टवेअर तपासायचं काम. दुसऱ्यांनी केलेला प्रोग्रॅम नेमका कुठे बंद पडतो ते शोधून काढायचं, आणि ते त्या मोठ्या आनंदाने करत. नेहा लहानपणी घोडा शिकायला लागली तेव्हा कुंदावन्सं गाडीत काचा वर करून बसायच्या, वास सहन होत नाही म्हणून. मग एका थंडीत काच खाली आली, मग पाय बाहेर आला, आणि निवृत्तीनंतर बघावं तर गावाबाहेर थोडी जमीन, छोटा तबेला आणि पेनी नावाची तांबूस घोडी! पेनी शर्यतींतून निवृत्त झालेली. तिला त्या 'पेनीबाई' म्हणायच्या.

नेहा ज्या खेळात उतरते त्याला इव्हेंटिंग म्हणतात. एकाच घोड्याने तीन परीक्षा द्यायच्या. आधी संथ, नाचल्यासारखी शिस्तीची चाल. मग रानातून दौडत ओंडके, चर, पाणी ओलांडायचं. शेवटी मैदानात रंगीत दांड्यांवरून उड्या, एकही दांडी न पाडता. म्हणजे नर्तकी, शिपाई आणि कारकून, तिन्ही एकाच देहात. पेनी त्यातली शिपाई होती. भीती ठाऊक नव्हती तिला, आणि थांबणंही ठाऊक नव्हतं. एका स्पर्धेत तिने ओंडक्यावर फार आधीच झेप घेतली आणि दोघी कोसळल्या. पेनी उठली. नेहा लगेच उठली नाही. कुंदावन्सं तिथेच, प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीला धरून उभ्या होत्या. नेहाचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, ते पुढे जुळलं. त्या दोरीपाशी काय झालं ते मात्र कुंदावन्संनी मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

नेहा खेळ सोडणार नव्हती. ती वयाने मोठी, नोकरी करणारी बाई, तिला कोण अडवणार? पेनीचं पळणं संपत आलं होतं. घोड्यांचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, झालंच तर एखादं शिंगरू होईल. एखादंच. म्हणजे नेहाला पुढे रानातून घेऊन जाणारा घोडा कसा असेल, ते एकदाच ठरवायचं होतं. त्यासाठी नर निवडायचा होता.

नेहाने निवडलेला होता युरोपातला. काळाभोर, उंच, दुडकी चाल अशी की पाय जमिनीला लागतात की नाही शंका यावी. त्याचा व्हिडिओ तिने आम्हाला जेवणाच्या टेबलावर दाखवला.

"आई, लुक ॲट दॅट मूव्हमेंट! पेनीकडे हेच नाहीये."

"देखणा आहे," कुंदावन्सं म्हणाल्या. "घाबरला की काय करतो?"

"तो कशाला घाबरेल?"

"मग त्याची मुलं घाबरली की काय करतात? साध्या माणसाच्या हाताखाली कशी वागतात?"

"ओ गॉड. मामी, ही स्थळ बघतीये!"

"मग काय वाईट आहे त्यात?" मी म्हटलं. "लग्न असो, घोडा असो, फोटोवर भागत नाही."

आणि खरंच, पुढचे काही आठवडे कुंदावन्संनी स्थळाची चौकशी केली, आपल्याकडे जुनी माणसं करायची तशीच. मुलाच्या घरी कोणी खरं सांगत नाही, शेजारी विचारायचं असतं. घोड्याच्या मालकांना त्यांनी एकच फोन केला असेल. बाकी सगळे फोन त्याची शिंगरं ज्यांनी वाढवली त्यांना, नाल ठोकणाऱ्यांना, आणि ज्यांनी घेऊन पुन्हा विकली त्यांना तर आवर्जून. "व्हाय डिड यू सेल?" असं गोड आवाजात विचारायच्या आणि गप्प बसायच्या. गप्प बसल्यावर अमेरिकन माणूस फार बोलतो, हा त्यांचा नोकरीतला शोध. घोड्याच्या आईचीही चौकशी झाली. खाण तशी माती, असं त्या पेन्सिल्व्हेनियातल्या एका बाईंना इंग्रजीत समजावून सांगत होत्या, ते ऐकून मी हसून स्वयंपाकघरात गेले.

या फोनाफोनीतून दुसरं स्थळ निघालं. पेन्सिल्व्हेनियातलाच तपकिरी घोडा, मध्यम उंचीचा, चाल बेताची, व्हिडिओत बघत राहावं असं काही नाही. पण त्याची बरीच पोरं साध्यासुध्या माणसांकडे होती आणि कोणी विकत नव्हतं. शिवाय त्याचं वीर्य थंड डब्यातून ताजं पाठवता येत होतं. युरोपातल्याचं गोठवलेलंच मिळणार, आणि वय झालेल्या घोडीला ते लागू पडायची शक्यता कमी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. (हो मुलांनो, घोडा स्वतः येत नाही. कुरिअरने डबा येतो.)

नेहा भडकली. "यू वॉन्ट अ बोअरिंग हॉर्स! त्याच्यावर मी कधीच जिंकणार नाही, आई."

"बक्षिसाच्या रिबिनी भिंतीवर लावता येतात गं," कुंदावन्सं म्हणाल्या. "मला तू जेवायच्या टेबलाशी हवीस."

नेहा टेबलावरून उठायला लागली. मग त्याच म्हणाल्या, "चौकशी माझी. होकार तुझा. घोडा तुझा असणार आहे, माझा नाही. फक्त एकदा माझ्याबरोबर बघायला चल."

आम्ही तिघी मेरीलंडमधल्या एका लहानशा स्पर्धेला गेलो. दोन्ही घोड्यांची मुलं त्या दिवशी तिथे उतरणार होती. काळ्या घोड्याच्या मुलाने पहिल्या परीक्षेत सगळ्यांच्या नजरा खेचून घेतल्या. रानात मात्र कुणाची तरी छत्री उघडली आणि तो असा उधळला की वर बसलेल्या कसलेल्या माणसालाही तो आवरता आवरेना. आवरला शेवटी. कुंदावन्सं म्हणाल्या, "त्या पोराला मी नावं ठेवत नाही. पण आपल्या घरी एक तापट आधीच आहे."

तपकिरी घोड्याच्या मुलीवर एक पन्नाशीच्या दंतवैद्य बाई होत्या. चरावरून उडी मारल्यावर त्यांचा पाय रिकिबीतून सुटला आणि त्या घोडीच्या मानेवर घसरल्या, एका बाजूला लोंबकळू लागल्या. घोडीने मान वर उचलली, चाल मोडली आणि उभी राहिली. बाई आयाळ धरून, धापा टाकत, स्वतःलाच शिव्या घालत परत खोगिरात आल्या. त्या नीट बसल्यावर मगच घोडी निघाली. नेहा दोरीला धरून उभी होती. तिचा हात आपोआप गळपट्टीच्या हाडाकडे गेला.

"ओके," ती म्हणाली. "ब्राऊन."

पहिला डबा वाया गेला. तेव्हा कुंदावन्सं पेनीला खरारा करत राहिल्या. दुसऱ्या खेपेला सोनोग्राफीत काळा ठिपका दिसला आणि डॉक्टरांच्या हातावर पेढा पडला. पुढे रीतसर डोहाळजेवणही झालं. शेजारच्या तबेल्यातली मंडळी हौसेने आली. गाजरं, सफरचंदं, गुळाचे खडे, आणि मी केलेला झेंडूचा हार, जो पेनीबाईंनी गळ्यात पडण्याआधीच खाऊन टाकला. शिंगरू झालं ते तपकिरी, नर. नाव काय ठेवावं? "शांताराम!" कुंदावन्सं म्हणाल्या. "निदान नावाला तरी जागेल."

तुमचे आजोबा गेले ते त्याच्या पुढच्या वर्षी. त्यानंतर दर शनिवारी कुंदावन्सं गाडी घेऊन दारात. "वहिनी, चला, शांताराम आठवण काढतोय." तो कसली आठवण काढणार! पण त्या कुंपणाशी बसून मी एका घोड्याला वाढताना बघितलं, आणि दुःखात माणसाला वाढणारं काहीतरी बघायला मिळावं, हे केवढं मोठं देणं आहे, ते मला आता कळतं. घोडा स्पर्धेत उतरायला पाच-सहा वर्षं लागतात. ते आपल्याला बघायला मिळेल न मिळेल, याचा हिशेब त्यांनी केला नसेल असं नाही. त्याबद्दल एकदाही बोलल्या नाहीत, एवढं खरं.

गेल्या शनिवारी शांताराम पहिल्या स्पर्धेत उतरला. मी गेले होते, पाण्याच्या अडथळ्याजवळ उभी होते. पाण्यावर ऊन चमकत होतं. तो दौडत आला, कान टवकारले, चाल एकदम मंद केली. नेहा हलली नाही. त्याने मान खाली घालून पाणी हुंगलं, फुरफुरला, मग एक पाय आत टाकून बघितला, आणि गेला. पलीकडच्या काठावर चढून टेकडीमागे दिसेनासा झाला. तिथून पुढचं मला काही दिसत नव्हतं.

कुंदावन्संनी त्या पडण्यानंतर नेहाला एक अट घातली होती. घोड्यावरून उतरलीस की, जिथे असशील तिथून, एक शब्द पाठवायचा. तो येईपर्यंत त्या समोरचा चहा घ्यायच्या नाहीत. वर्षानुवर्षं त्या तबेल्यात, स्वयंपाकघरात, माझ्याकडे आल्या तरीसुद्धा, कप भरून ठेवायच्या आणि फोनकडे बघत बसायच्या. मी थट्टा करायची, "वन्सं, साय आली."

टेकडीकडे बघत मी थर्मासमधला चहा ओतला आणि कप तसाच धरून उभी राहिले. फोन वाजला. आमच्या तिघींच्या ग्रुपवर मेसेज होता. त्यात कुंदावन्संचं नाव अजून आहे, ते कोणी काढलेलं नाही.

"उतरले," नेहाने लिहिलं होतं.

मग मी चहा घेतला.