व्याह्यांचं डुक्कर

आमच्या घरात डुक्कर कोणी खात नाही, पण एका डुकरावरून दादाचं लग्न मोडायची वेळ आणली ती आम्हीच. आम्ही म्हणजे मुख्यतः मी.

थांबा, सुरुवातीपासून सांगते. मधूनच सांगितलं की लोकांना वाटतं मी बनवून सांगतेय!

तर २०१६ चा हिवाळा. माझा दादा अनिकेत (न्यूझीलंडला हॉर्नबीतल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनियर, अंगाने आडदांड, स्वभावाने ससा) आणि हेली, ह्यांचं जमलं होतं. हेली नर्स आहे, हुशार आहे, मला खरं तर दादापेक्षा तीच जास्त आवडते. आई-बाबा चिंचवडहून तीन महिन्यांसाठी आले होते, सून आणि व्याही बघायला. सून बघून झाली, पसंत पडली, तिला शिरा आवडला, विषय संपला! राहिले व्याही. ग्रॅहम. हेलीला त्यांनी एकट्याने वाढवलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आणि अडचण अशी की ते शब्दच काढत नव्हते. दादाला एवढंच म्हणाले, "शनिवारी डोंगरावर या. सगळेच या."

"डोंगरावर कशाला?" आईने विचारलं.

"रानडुकरांच्या शिकारीला," दादा म्हणाला.

आई म्हणाली, "आपल्यात कांदेपोहे असतात."

हेलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, की डॅड माणूस डोंगरावर बघतात. तिथे कसा वागतो त्यावरून ठरवतात. तिचा आधीचा बॉयफ्रेंड पण असाच डोंगरावर गेला होता, तिथे काहीतरी आगाऊपणा केला, परत कोणाला दिसला नाही. (म्हणजे त्यांच्या घरी दिसला नाही! जिवंत आहे, ऑकलंडला असतो.)

शनिवारी पहाटे आमची वरात निघाली. आईने गूळपोळ्या केलेल्या, तुपाचा डबा वेगळा. "व्याह्यांकडे रिकाम्या हाताने जायचं का?" दादा गाडी चालवत होता आणि दर पाच मिनिटांनी आरशात बघत होता. रस्त्याकडे नाही, माझ्याकडे.

"आज कोणी काही करायचं नाही. नुसतं बसायचं. केतकी, तुला वेगळं सांगतो."

"मलाच का वेगळं?"

"कारण तू तू आहेस."

(पॉइंट होता.)

फार्मच्या गेटवर ग्रॅहम उभे होते. डोंगर पांढरे, गवतावर दव गोठलेलं, माझ्या तोंडातून वाफ येतेय, आणि हा माणूस हाफ पँटमध्ये! हेली त्यांच्या शेजारी. आणि त्यांच्या यूटच्या, म्हणजे पिकअप गाडीच्या, मागच्या उघड्या हौद्यात दोन कुत्रे, एक काळा, एक पट्टेरी, दोघांच्या गळ्यात नारिंगी पट्टे. मी कुत्र्यांसाठी वेडी आहे. चिंचवडला आमच्या सोसायटीतली सगळी भटकी कुत्री मला सोडायला स्टॉपपर्यंत यायची. मी धावले. ग्रॅहमनी हात आडवा केला.

"माझ्या कुत्र्यांना हात लावायचा नाही. बोलवायचं नाही. खायला घालायचं नाही. ते कामावर आहेत."

मी आईला मराठीत सांगितलं. आईला एकदम पटलं. "बरोबरच आहे. कामाला निघालेल्याला कोणी मागून हाक मारतं का?"

बाबा वीज मंडळातून रिटायर झालेत, त्यांना नियम दिला की त्यांचा चेहरा उजळतो. "दोन कुत्रे," ते बोटांवर मोजत म्हणाले. "एक काळा, एक पट्टेरी. पट्टा नारिंगी. हात लावायचा नाही. केतू, रिपीट कर." मी रिपीट केलं.

मग ग्रॅहम, हेली आणि दादा कुत्रे घेऊन वर चढले. आम्ही तिघं खाली यूटपाशी. थंडी फार आहे, हीटर लावून बसा, म्हणून ग्रॅहम किल्ली ठेवून गेले होते. (ही त्यांची ह्या सगळ्यातली एकमेव चूक.) जाताना दादाने मागे वळून माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण गॅस बंद केलाय का नाही ते आठवत घराकडे बघतो.

तासभर काही नाही. मी फोन वर धरून रेंज शोधतेय, आई तुपाचा डबा हीटरसमोर धरून तूप पातळ करतेय, बाबा गेटवरची पाटी तिसऱ्यांदा वाचतायत. आणि अचानक भुंकणं! डोंगराच्या कडेने गोर्सची काटेरी झुडपं कडाकडा मोडत एक रानडुक्कर खाली आलं. काळं, केसाळ, आमच्या फ्रिजएवढं! (बरं, छोट्या फ्रिजएवढं.) मागे दोन कुत्रे. डुकराने झुडपाला पाठ लावली, कुत्रे दोन बाजूंनी उभे राहून भुंकायला लागले. चावत नाहीत, नुसते भुंकतायत. डुक्कर अडकलं! आमच्यापासून हाकेच्या अंतरावर!

"ग्रॅहमरावांना मिळालं!" आई ओरडली.

"एक मिनिट," बाबा म्हणाले. "हे कुत्रे पांढरे आहेत."

आम्ही बघितलं. पांढरे. पट्टे निळे.

तिघांच्या डोक्यात एकाच वेळी एकच विचार आला, आणि आमच्या घरात असं झालं की समजायचं, आता वाट लागली.

"म्हणजे," आई म्हणाली, "माणूस बिचारा वर थंडीत फिरतोय, आणि त्याचं डुक्कर दुसऱ्याच कोणाचे कुत्रे पळवतायत?"

"सरळ सरळ चोरी आहे," बाबा.

"आपल्या डोळ्यांदेखत!" मी.

"उद्या व्याही म्हणतील, तुम्ही तिथेच होतात ना? मग काय केलंत?"

आता सांगा, ह्याच्यावर काय उत्तर आहे? लग्नात व्याह्यांच्या पाकिटाला कोणी हात घातला तर आपण बघत बसू का? मी दार उघडून खाली उतरले.

"केतू, अनिकेत म्हणालाय काही करू नका," बाबा म्हणाले.

"ग्रॅहमच्या कुत्र्यांना हात लावायचा नाही असं सांगितलंय," मी म्हणाले. "हे ग्रॅहमचे कुठेत?"

बाबांनी विचार केला. नियमात बसत होतं. "गो अहेड," म्हणाले.

मी पुढे जाऊन सगळ्यात गोड आवाजात सुरू केलं, "यू यू यू! ए बाळा! यू यू!" एका कुत्र्याने ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्याने बघितलं, पण आमच्या सोसायटीचा वॉचमन बघायचा तसं. आई मागून गूळपोळी घेऊन आली, वर तूप थापलेलं. ती हलवत म्हणाली, "ये, ये, खाऊ बघ!" डुकरानेच मान वर केली.

"ते नको! तू नाही!" आई डुकराला म्हणाली.

डुक्कर एक पाऊल पुढे. आम्ही दोघी चार पावलं मागे. मी किंचाळले, "बाबा! काहीतरी करा!"

आता इथे एक समजून घ्या. बाबा दोन महिने न्यूझीलंडमध्ये होते. दोन महिन्यांत त्यांनी एकदाही हॉर्न ऐकला नव्हता. दादा त्यांना वाजवू देत नव्हता, इथे उद्धटपणा समजतात म्हणून. त्यांच्या आत काय काय साठलं होतं कोणास ठाऊक! ते ड्रायव्हरच्या सीटवर सरकले आणि त्यांनी हॉर्नवर दोन्ही हात ठेवले. नुसते ठेवले आणि काढलेच नाहीत. भर ट्रॅफिकमध्ये असावा तसा तो हॉर्न दरीभर घुमला. शेजारच्या डोंगरावरच्या मेंढ्या पळाल्या!

आणि चमत्कार! दोन्ही पांढरे कुत्रे भुंकणं थांबवून धावत सरळ गाडीकडे आले आणि शिस्तीत बसले. आईने लगेच एकेक गूळपोळी दिली. त्यांनी खाल्ली. दुसरी दिली. तीही गेली. डुकराने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, बाबांकडे तर बघवलंच नाही त्याला, आणि ते झुडपात घुसून दिसेनासं झालं.

"जाऊ दे," आई म्हणाली. "ग्रॅहमरावांचे कुत्रे पकडतील त्याला परत. हक्काचं तर राहिलं!"

मी माझा गुलाबी स्कार्फ काढून दोन्ही चोरांना यूटला बांधलं. पुरावा नको का? आणि मग आम्ही तिघं त्यांच्या शेजारी उभे राहिलो. इतका अभिमान मला माझ्या डिग्रीचा पण वाटला नव्हता.

थोड्या वेळाने झुडपांतून एक माणूस बाहेर आला. उंच, दाढीवाला, घामाने निथळलेला, कमरेला सुरा, हातात कुत्र्यांचा ठावठिकाणा दाखवणारं यंत्र. त्याने यंत्राकडे बघितलं, मग कुत्र्यांकडे, मग स्कार्फकडे. एक कुत्रा मिशीवरचं तूप चाटत होता.

"किआ ओरा," तो सावकाश म्हणाला.

"किआ ओरा!" आई जोरात म्हणाली. हा माओरी लोकांचा नमस्कार. तिला त्यांच्या भाषेतलं तेवढंच येत होतं आणि ते वापरायची संधी ती सोडत नसे.

"मी हेमी. हे माझे कुत्रे." तो धापा टाकत होता. "डुक्कर कुठे आहे?"

आणि मी त्याला लेक्चर दिलं! हो. मी. त्याला. कमरेला सुरा लावलेल्या माणसाला मी, गमबूट उलटे घातलेली मुलगी, सांगतेय की दुसऱ्याच्या डुकरामागे आपले कुत्रे सोडणं बरं नव्हे, हे डुक्कर आमच्या होणाऱ्या व्याह्यांचं आहे, आणि आम्ही ते वाचवलेलं आहे!

हेमीने सगळं ऐकून घेतलं. (तो सोमवार ते शुक्रवार शाळेत गणित शिकवतो हे नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी आधीच गप्प बसले असते.)

"त्याला उठवलं कोणी?" त्याने विचारलं.

"तुमच्या कुत्र्यांनी."

"अडवलं कोणी?"

"तुमच्या... कुत्र्यांनी."

"मग डुक्कर कोणाचं?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा गेटवरची पाटी वाचत होते.

"इथे एकच पद्धत आहे," हेमी म्हणाला. "ज्याचे कुत्रे लागलेत, डुक्कर त्याचं. बाकीच्यांनी आपले कुत्रे धरायचे आणि जागेवर थांबायचं. आणि हॉर्न कोणी वाजवला? माझे कुत्रे हॉर्न ऐकला की काम सोडून गाडीकडे परत येतात, तसंच शिकवलंय त्यांना."

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"म्हणतोय हॉर्नमुळे आले."

"हॅ! गूळपोळीमुळे आले."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात हेमी म्हणाला, "उद्या माझ्या आईचा वाढदिवस आहे. हांगीला शंभर माणसं येतायत." हांगी म्हणजे जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर शिजवलेलं जेवण. आणि त्या खड्ड्यात जे जाणार होतं, ते आम्ही नुकतंच हॉर्न वाजवून निरोप देऊन पाठवलं होतं!

आईला सांगितलं. आई मटकन गवतावर बसली. "अगं, कोणाच्या तरी आईच्या वाढदिवसाचं जेवण पळवलं आपण!"

आणि मग वरून ते तिघं उतरले. पुढे ग्रॅहम, दोन्ही कुत्रे पट्ट्याला घट्ट धरलेले. आता ऐका, हे सगळ्यात वाईट आहे. ग्रॅहमना वरून भुंकणं ऐकू आलं होतं. दुसऱ्याचे कुत्रे लागलेत हे ओळखून त्यांनी स्वतःच्या कुत्र्यांना पकडलं होतं, दादाला खूण केली होती आणि ते तिघं अख्खा वेळ थंडीत पुतळ्यासारखे बसून होते. दादा हूं की चूं न करता बसला होता. हेली नंतर म्हणाली, डॅडनी चक्क मान डोलावली होती त्याच्याकडे बघून! पास झाला होता हो पोरगा! आणि नेमका तेव्हा खालून हॉर्न सुरू झाला.

दादाने स्कार्फ बघितला. मग मला बघितलं. त्याने नुसते डोळे मिटले.

हेमीने ग्रॅहमना सगळं सांगितलं. शांतपणे. ओरडला असता तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाला, "ग्रॅहम, तुझ्या कुत्र्यांनी माझं डुक्कर उधळलं असतं, तर मी तुझ्याकडे भरपाई मागितली असती. पण ह्यांचं मी काय करू? कोणाची आहेत ही?"

हेलीने दादाचा हात धरला. ग्रॅहमनी आमच्याकडे बघितलं: गवतात बसलेली आई, पाटी वाचणारे बाबा, उलट्या गमबुटातली मी. एक शब्द 'माहीत नाही' म्हणाले असते की संपलं. दादाचा ऑकलंडवाला झाला असता.

ग्रॅहमनी नाक ओढलं.

"माझीच धर," ते म्हणाले. "अजून लहान आहेत. शिकवायची आहेत." आणि हेमीला म्हणाले, "घरी शेडमध्ये एक टांगलेलं आहे, गुरुवारचं. मोठं आहे. संध्याकाळी आईकडे पोचवतो."

"स्वीट ॲज," हेमी म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास', आणि चक्क हसला. स्कार्फ सोडवून त्याने कुत्रे घेतले. जाताना ते दोघं तीनदा मागे वळले, आईकडे. (हॉर्न न वाजवता!)

दादा अजून डोळे मिटूनच उभा. हेली रडत होती, का हसत होती, सांगता येत नाही. आई माझी बाही ओढायला लागली.

"अगं सांग ना! काय म्हणाले ग्रॅहमराव? हो का नाही?"

"हो म्हणाले, आई! घेतलं आपल्याला घरात!" मी म्हणाले. "फक्त शिकून तयार होईपर्यंत साखळीला बांधून ठेवणार आहेत. सुरुवात माझ्यापासून."