पाठमोऱ्या मुली

फलटणात कालव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सलिमा शेखचं घर आहे. दाराशीच तिचं शिवणयंत्र. मुलींची शाळा त्याच रस्त्याला, थोडी पुढे. सकाळी मुलींचे घोळके तिच्या दारावरून जातात. कितीतरी वर्षं त्या सगळ्या एकसारख्या दिसायच्या. आकाशी कुर्ता, पांढरी सलवार, पांढरी ओढणी, दोन वेण्या. समोरून येताना प्रत्येकीचं तोंड वेगळं असायचं. पण दारावरून पुढे गेल्या, पाठमोऱ्या झाल्या, की त्यांतली कुणीही सलिमाची रुक्सार असू शकायची.

रुक्सारला जाऊन बारा वर्षं झाली होती.

सलिमा मूळची वाईची. तिच्या वडिलांचं घाटाजवळ बांगड्यांचं दुकान होतं. त्या वेळी तिथल्या मुलींच्या हायस्कुलात निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाऊज असा गणवेश होता. सातवीपर्यंत सलिमा तो घालून गेली. आठवीत ती अंगानं एकदम वाढली आणि वडील म्हणाले, आता पोरगी उघड्या पायांनी बाजारातून जायची नाही. आई शाळेत जाऊन विनवून आली, "बाई, आतून सलवार घालू दे, वरनं स्कर्ट घालंल ती." बाई वाईट नव्हत्या. पण त्या म्हणाल्या, "एकीला सूट दिली तर त्याला गणवेश कशाला म्हणायचं?" बाई हलल्या नाहीत, वडील हलले नाहीत आणि सलिमा घरी बसली. नव्या स्कर्टसाठी आणलेल्या निळ्या कापडाचे आईनं उशांचे अभ्रे शिवले. लग्न होईपर्यंत सलिमा त्या उशीवर झोपली.

लग्न होऊन ती फलटणला आली. नवरा अश्फाक विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करणारा, त्यांत नवी तांब्याची तार भरणारा, मोजकं बोलणारा माणूस. रुक्सार पाचवीत गेली तोवर जग बदललं होतं. इथल्या शाळेत सलवार-कुर्ताच होता, वर ओढणी. कुणाच्याच वडिलांना अडचण नव्हती, शेखांच्या नाही आणि भोसल्यांच्याही नाही. सलिमानं गणवेश घरीच शिवला. ओढणी तेवढी शाळेनं सांगितल्यापेक्षा लांब केली, स्वतःची हौस म्हणून. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावून बसवलेली पाहिजे, असा शाळेचा नियम होता. रोज सकाळी सलिमा त्या पिना लावायची आणि रुक्सार म्हणायची, "अम्मी, लौकर. घंटा होईल."

नववीत तिला सरकारी योजनेतली सायकल मिळाली. ऊसतोडीचे दिवस होते. कालव्याच्या रस्त्यानं येताना मागून उसाचा ट्रॅक्टर आला म्हणून तिनं सायकल जोरात कडेला घेतली. वाऱ्यानं ओढणी मागच्या चाकात गेली. ट्रॅक्टर कधीच थांबला होता. त्यानं तिला स्पर्शही केला नव्हता. ड्रायव्हर उडी मारून धावला, पण चाकात गुंडाळलेली, गळ्याशी आवळलेली ओढणी त्याला सोडवता येईना. पिना घट्ट होत्या.

सलिमानं त्यानंतर शाळेचे कपडे शिवले नाहीत. ब्लाऊज, परकर, दुपट्ट्यांच्या कडांची बीडिंग एवढंच. पण रस्ता काही बंद करता येत नव्हता. सकाळी सायकली जाऊ लागल्या की तिचा पाय मशीनवर थांबायचा. एखादी ओढणी वाऱ्यावर उडताना दिसली की ती दारातून बाहेर यायची आणि हाक मारायची, "बाळ, ओढणी बांध!" पुढे पुढे ती त्यांच्या मागून चालायलाही लागली. एखादी पाठ फारच ओळखीची वाटायची. वेण्यांची लांबी, एक खांदा जरा खाली. सलिमा मागून चालत राहायची. पुढची मुलगी वळून बघेपर्यंतचा तो वेळ तिचा होता. मग मुलगी वळायची आणि तिथं दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा असायचा.

मुली तिला ओढणीवाली चाची म्हणू लागल्या. धाकट्या वर्गातल्या तिच्या दारासमोरून पळत जायच्या. ती मेलेल्या मुलीशी बोलते, असं कुणीतरी पसरवलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं.

गेल्या वर्षी थंडीत ती गोष्ट घडली. राजेश्वरी नावाची नववीतली मुलगी सायकलवरून चालली होती. ओढणीचं एक टोक सुटून चाकाजवळ लोंबत होतं. सलिमा ओरडली, पण मुलीनं कानात काहीतरी घातलं होतं. सलिमा धावली आणि तिनं ओढणी मागून पकडली. राजेश्वरी सायकलसकट आडवी झाली. कोपर सोललं, ओठ फुटला. उठून तिनं सलिमाकडं पाहिलं आणि किंकाळी फोडली.

संध्याकाळी तिचे आजोबा नाथाजी आले. पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, चांगला बागायती ऊस असलेले, शाळेच्या पालक समितीत वजन असलेले गृहस्थ. आवाज अजून परेडच्या मैदानावरचा.

"भाभी, ह्ये काय चालवलंय तुमी? पोरगी गाडीखाली गेली असती म्हंजे?"

"म्हणूनच धरली, आप्पा," सलिमा म्हणाली.

"म्हणूनच? आवं, तुमी धरली म्हणून पडली ती!"

"व्हय. मी धरली म्हणून पडली." ती दाराच्या चौकटीला टेकली. "माझी पडली तवा धरायला कुणी न्हवतं."

नाथाजींना रुक्सारचं ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं. पण ऊसगाडीखाली गेली, एवढंच त्यांनी ऐकलेलं. त्या संध्याकाळी अश्फाकनं त्यांना आत खुर्ची दिली आणि सलिमानं पहिल्यांदा कुणाला तरी नीट सांगितलं. ट्रॅक्टर थांबलेला होता. ओढणी लांब होती. पिना तिनं स्वतः लावल्या होत्या. नाथाजींनी पुढ्यातला चहा तसाच ठेवला. जाताना म्हणाले, "राजीला सांगतो मी. भिऊ नको म्हणतो."

त्याच वर्षी ओढणी काढून जाकीट आणायचा विचार मुख्याध्यापिकांनी पालकांपुढं मांडला होता आणि सगळ्यात मोठा विरोध नाथाजींचाच होता. पोरी मोठ्या होतात, अंगावर ओढणी पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्यामागं बरेच जण होते, जाळीच्या टोपीवाले आणि फेटेवाले दोन्ही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर लय गरमागरमी झालेली.

पुढच्या सभेला नाथाजी सलिमाला घेऊन गेले. सभेत ती कुणाची पालक नव्हती. मागच्या बाकावर बसली. विषय निघाला, तोच वाद सुरू झाला, संस्कार आणि शिस्त हे शब्द बऱ्याचदा आले. तेव्हा नाथाजी उठून म्हणाले, "आधी ह्या बाईंचं ऐका."

सलिमा उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं.

"माझ्या पोरीच्या अंगावर ओढणी होती," ती म्हणाली. "नीट होती. नियमाप्रमाणं दोन्हीकडं पिना होत्या. पिना नसत्या तर ओढणी निघून गेली असती."  ती खाली बसली.

 एक बाई पदर डोळ्याला लावून बाहेर गेली. नाथाजी म्हणाले, "माझा विरोध मी माघारी घेतो," आणि विषय मंजूर झाला.

जूनमध्ये नवा गणवेश आला. राखाडी कुर्ता, वर गडद निळं बिनबाह्यांचं जाकीट, दोन खिसे. ओढणी गेली. शाळेनं सलिमालाही काही जाकिटं शिवायला दिली आणि तिनं ती घेतली. राजेश्वरी मापाला आली तेव्हा जरा लांबच उभी राहिली. मग स्वतःच म्हणाली, "चाची, खिसा मोठा करा ना." सलिमानं केला.

शाळा उघडली त्या सकाळी ती दारात बसली. सायकली आल्या. मुली गेल्या, वाऱ्याला उडण्यासारखं त्यांच्या अंगावर काही नव्हतं. तिला हायसं वाटायला हवं होतं. काही क्षण वाटलंही. मग त्या पाठमोऱ्या झाल्या आणि राखाडी-निळ्या पाठींची ती रांग वळणापर्यंत तिनं पाहिली. त्यांत एकही ओळखीची पाठ नव्हती. दुसऱ्या दिवशी नव्हती. त्या आठवड्यात नव्हती. आकाशी रंग फलटणातून पुसून गेला होता, आणि तिनंच तो पुसायला हात लावला होता.

तिला जेवण जाईना. अश्फाकनं दोन-तीनदा विचारलं, तिनं टाळलं. शेवटी एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आता ती दिसत न्हाई."

अश्फाकनं हातातला घास ताटात ठेवला. बारा वर्षांत त्यानं मुलीचं नाव घरात क्वचितच काढलं होतं. सलिमाला वाटायचं, तो विसरला.

"मला दिसती की," तो म्हणाला.

"कुठं?"

"एसटी स्टँडवर. तांब्याच्या तारेचं पार्सल आणायला जातो ना मी, तवा. साताऱ्याची गाडी आली की उतरती."

सलिमाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "कशी?"

"कशी म्हंजे? मोठी झालीय आता. खांद्याला पर्स असती. कधी पंजाबी ड्रेस, कधी बुरखा. एकदा तर साडी नेसली होती. बँकेतल्या बाया नेसतात, तसली." त्यानं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "बघ, शाळेत कुठनं असंल ती अजून? सत्तावीस वर्षांची बाई ती."

सलिमा त्याच्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं आपण तिला वाढूच दिलं नाही, आणि ह्या माणसानं काही न बोलता तिला कॉलेजात घातलं, नोकरीला लावलं, तिला वाटेल ते कपडे घालू दिले. तिला त्याचा राग आला. मग ती ओंजळीत तोंड घालून रडली. अश्फाक उठून तिच्याशेजारी बसला.

"केस?" तिनं विचारलं. "केस कसे ठेवलेत?"

"कापलेत. खांद्यापतुर."

रविवारी दुपारी दोघं स्टँडवर गेले. पार्सल काही यायचं नव्हतं. साताऱ्याच्या फलाटासमोरच्या बाकावर बसले. सलिमानं ठेवणीतली साडी नेसली होती. तिनं अश्फाकचा हात धरला. असा चारचौघांत तिनं तो कधी धरला नव्हता. धूळ उडवत गाडी आली, वळली, मागं येऊन लागली. कंडक्टरनं दार उघडलं. पिशव्या सावरत बायका उतरू लागल्या. प्रत्येकीनं वेगळं काही घातलं होतं. सलिमा उठून उभी राहिली आणि एकेकीचं तोंड बघू लागली.