ठमीच्या टाकीतला हीटर आणि वसंतकाका

माझ्यामुळे आई मेली असती.

चार वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. फक्त एका माणसाला माहीत होतं. आज पहाटे तो माणूस गेला.

वसंतकाका. बदलापुरात खरवईला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे. अंबरनाथच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. अटॅक आला. रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं होतं.

चार वर्षांपूर्वी मी दहावीत. ठमी माझं कासव, तळहाताएवढं.
पप्पांना ती घरात नकोच होती. "परीक्षा तुझी आहे की तिची? काही लफडं झालं ना, त्याच दिवशी नदीत सोडून येईन."

डिसेंबरात बदलापूरची थंडी पडली आणि ठमीने खाणं सोडलं. डोळे मिटून एका कोपऱ्यात. पाठ दाबली तर मऊ लागायची.
मी घाबरून उल्हासनगरला कॅम्प चारच्या फिश टँकवाल्याकडे गेले.
"बेबी, इसको गरमी चाहिए. हीटर डाल दे, बस."
किती गरमी, कशी द्यायची, काही नाही. काचेच्या नळीचा हीटर, दोन पिनचा प्लग. घेऊन आले.

टाकीत पाणी कमी होतं, हीटर अर्धा बाहेरच. एका संध्याकाळी लोडशेडिंग संपून लाइट आली, तो चांगलाच तापला, आणि मी वरून गार पाणी ओतलं.
नळीच्या काचेतून टक् असा बारीक आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ठमीला उचलायला हात घातला, तर झिणझिण्या. पार कोपरापर्यंत.

मला कळलं होतं. खोटं कशाला बोलू.
पण सांगितलं तर ठमी नदीत. हीटर काढला तर थंडीने मरणार. मी प्लग तसाच ठेवला आणि गप्प बसले. दोन दिवस.

रविवारी सकाळी काका आमचा पंखा बघायला आलेले. स्टुलावर उभे. आईने नुकतीच फरशी पुसलेली, ओलीच होती अजून.
"टाकीला वास मारतोय गं," म्हणत तिने पदर खोचला आणि स्टीलचा तांब्या घेऊन निघाली पाणी उपसायला.

मला ओरडायचं होतं. निघालं ते एवढंच.
"काका... पाण्यात करंट आहे."
इतकं हळू, की आईला ऐकूच गेलं नाही.

काकांना गेलं. त्यांनी सरळ उडी मारली. स्टूल आडवं पडलं. प्लग ओढून काढला तेव्हा आईचा तांब्या पाण्यापासून वीतभर होता.

"अगंबाई! काय झालं हो भावजी?"
"काही नाही वहिनी. हीटर खराब आहे. तुम्ही चहा टाका जरा."

आई आत गेली. काकांनी मला मागे सरकवलं, प्लग परत लावला आणि टेस्टरचं टोक पाण्यात बुडवलं.
टेस्टरचा दिवा लागला.

"हात घातला होतास?"
"हो."
"पायात चप्पल होती?"
"हो."
"आई अनवाणी होती."

त्यांनी प्लग काढला आणि निघालाय ना, हे दोनदा बघितलं. रोज मोठमोठ्या पॅनलमध्ये हात घालणारा माणूस.
मी रडत म्हटलं, "पप्पांना सांगू नका."
त्यांनी हीटर पाण्यातून बाहेर काढला. मग म्हणाले, "नाही सांगत. पण परत अशी गप्प बसलीस तर बघ. कासव मेलं तरी चालेल, कळलं?"

त्या आठवड्यात ड्युटीवरून आले की थेट आमच्याकडे. हीटर फेकून दिला. टाकीच्या एका टोकाला वरून बल्ब लावला, चिनीमातीच्या होल्डरमध्ये, मध्ये जाळी, म्हणजे पाणी उडून बल्बची काच तडकायला नको. खाली चढून बसायला वीट. दुसरं टोक मुद्दाम गार ठेवलं. "तिला गरम झालं तर सरकायला जागा नको का?" थर्मामीटर आणला. कुठे करंट गळला की आपोआप ट्रिप होऊन लाइट बंद करणारा स्विच बसवला, पप्पांना सांगितलं, "असावा घरात."

बल्बने ऊब मिळते, पाठ घट्ट व्हायला ऊन लागतं, हे त्यांनीच कुठून तरी विचारून आणलं. काचेतून आलेलं चालत नाही, म्हणून रोज सकाळी ठमी गॅलरीत. महिन्याभरात खायला लागली.

माझी भीती मात्र गेली नाही. टाकीला हात लावताना आधी चप्पल. नळाच्या पाण्याचीसुद्धा भीती वाटायची. आईला बाथरूममध्ये जास्त वेळ लागला की मी दार वाजवायचे. अजूनही वाजवते.
काका जिन्यात भेटले की एवढंच विचारायचे, "सगळं ठीक?" मी मान हलवायचे.

आज त्यांना स्मशानात नेलं, आणि घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. झिणझिण्या, दोन दिवस, तांब्या, सगळं.

आई पलंगावर बसली. मला वाटलं आता कानाखाली बसेल.

"थर्मास धू, चहा न्यायचाय," ती म्हणाली. "काकांच्या घरी वहिनी सकाळपासून उपाशी आहेत. मी सांगते त्यांना, त्यांच्या नवऱ्याने काय केलं ते."

आता आम्ही दोघी तिकडे निघालोय.

वसंतकाका, शेवटचा जयभीम.