बावीस फ्लॉपी आणि एक खोटं

चौऱ्याण्णवचा जानेवारी. विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा कोणत्याही क्षणी होईल असं सगळे म्हणत होते, आणि पुन्हा दलितांवर हल्ले होतील या धास्तीनं मानवतमधली माणसं आवाज खाली आणून बोलायला लागली होती. माझ्या टायपिंगच्या क्लासमध्ये तेव्हा एकच कॉम्प्युटर होता. परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधले एक तंत्रज्ञ मला म्हणाले होते, "बाई, फुकटचं सॉफ्टवेअर हाय. कुणाच्या मालकीचं न्हाई, कुणीबी कॉपी करावं. ते टाकलं की तुमचा कॉम्प्युटर सर्व्हर होतो. दोन जुने टर्मिनल, म्हंजे नुसता पडदा अन् कीबोर्ड, जोडले की एका मशीनवर तीन पोरी शिकतील."

ते गुरुवारी सकाळच्या बसनं आले. पिशवीत बावीस फ्लॉपी होत्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं नंबर टाकलेला. मी त्या दिवशी पोरींना सुट्टी दिली होती.

"जुनं सगळं पुसलं जाईल. चालंल का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी बटण दाबलं आणि मशीन गुरगुरायला लागलं.

एकेक फ्लॉपी आत जात होती. बाहेर एकेक शटर खाली येत होतं. कापसाच्या गाड्या एरवी दुपारपर्यंत रस्ता अडवून उभ्या असायच्या, त्या दिवशी रस्ता मोकळा होता. पोलिसांची जीप दोनदा हळूहळू गेली. नवव्या फ्लॉपीवर मशीन अडकलं. त्यांनी ती बाहेर काढली, फुंकली, परत घातली. तिसऱ्या वेळेला ती वाचली गेली. मी त्यांना म्हणाले, "तुम्ही जाता का आता? बाकीचं पुन्हा कधी करू."

"अर्धवट सोडलं तर मशीन चालूच होणार न्हाई," ते म्हणाले.

चौदावी फ्लॉपी चालू असताना दारात समोरचे आडतवाले येऊन उभे राहिले. त्यांच्यामागं दोन अनोळखी माणसं होती. एकाच्या हातात काठी होती.

"आत कोन बसलंय, बाई?" आडतवाल्यांनी विचारलं. "कुठले हायत? आडनाव काय?"

त्यांना माझ्या पाठीमागचं सगळं दिसत होतं. मी दाराची चौकट धरली आणि म्हणाले, "माझा मावसभाऊ आहे. नांदेडचा."

आडतवाल्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मग आडतवाले म्हणाले, "दार लावून घ्या," आणि ते निघून गेले.

मी मागं वळले. तंत्रज्ञांनी पंधरावी फ्लॉपी हातात धरली होती, पण आत घातली नव्हती.

"मावसभाऊ म्हणलात," ते म्हणाले.

"मला दुसरं काही सुचलं नाही."

त्यांनी फ्लॉपी आत घातली. त्यानंतर ते कामापुरतंच बोलले. तीनच्या सुमारास काळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि तिच्यापुढं पांढरा ठिपका लुकलुकायला लागला. त्यांनी टर्मिनल जोडले, मला पासवर्ड टाकायला लावला आणि पिशवी उचलली. स्टँडपर्यंत मी सोबत येते म्हणाले.

"नको. वाटेत कुणी विचारलं तर मी माझं खरं नावच सांगणार हाय. तुमी सोबत नसलेलं बरं."

मी दारातच उभी राहिले. ओस रस्त्यावरून ते न पळता, नेहमीच्या चालीनं गेले आणि कोपऱ्यावर दिसेनासे झाले. परभणीकडं जाणारी शेवटची बस वाटेत अडवली, काचा फोडल्या, असं संध्याकाळी कानावर आलं. त्या बसमध्ये ते होते की नाही, कुणाला विचारावं तेही मला कळेना.

पाच दिवस काही कळलं नाही. सहाव्या दिवशी फोन वाजला.

"मशीन चालायलंय का?"

"चालतंय," मी म्हणाले.

नंतर ते मानवतला कधी आले नाहीत. काही अडलं की मी फोन करायची, ते कमांड सांगायचे, मी वहीत उतरवून घ्यायची. पुढं बऱ्याच महिन्यांनी मी हिय्या करून त्या दुपारचा विषय काढला.

"घाबरला होतात तुमी," ते म्हणाले. "मीबी लय घाबरलो होतो. पण मला त्या दिवशी तुमच्यातला मावसभाऊ न करता, परका माणूस म्हणूनच आत बसू दिलं असतं, तर जास्त बरं वाटलं असतं."