काजं होती, बटणं नव्हती

पुसेगावात सटवाजी टेलरच्या दुकानात दुसऱ्याकडून शिवून घेतलेला शर्ट घालून जायची सोय नव्हती. बोलता बोलता तो तुमच्या अंगावरून शर्ट उतरवून घेणार, टेबलावर टाकणार आणि उलटा करणार. सरळ बाजूनं शर्ट बघायचाच नाही, आतली शिलाई बघायची, हा त्याचा नियम. मग एकेक टाका दाखवत तो त्या न पाहिलेल्या टेलरचा असा काही उद्धार करायचा, की बनियनवर बसलेलं गिऱ्हाईकच खाली मान घालायचं. सेनगावचा एक नवरदेव पाणी प्यायला म्हणून दुकानात शिरला होता, तो बिचारा अर्धा तास उघडा बसला.

माझं त्याच्या शेजारी झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. मी वैजनाथ. तीस वर्षं आमच्या दोन दुकानांत फक्त एक पत्र्याची भिंत आहे आणि तिच्यातून सगळं ऐकू येतं, त्यामुळे सटवाजीबद्दल मी जे सांगतोय ते कानांनी आणि डोळ्यांनी खात्री केलेलं आहे. माणूस हाडाचा चांगला, पण तोंडाचा तिखट. स्वतः शिवलेला शर्ट मात्र त्यानं कधी उलटा केला नाही. मी एकदा म्हटलं, अरे, तुझंही एखादं तपासत जा. तो म्हणाला, "ज्याच्यात चूक न्हाई त्याच्यात काय बघावं?" फक्त एक खूण करायचा. कॉलरच्या आत, मानेच्या बरोबर मध्यावर, निळ्या दोऱ्याचे तीन टाके. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला वस्तीतली माणसं पांढरे शर्ट घालतात, ते तीसेक शर्ट दरवर्षी हाच शिवतो. नंतर धुण्यात ते दुसऱ्या पांढऱ्या शर्टांत मिसळले तरी सटवाजीचे कोणते ते कळावं, म्हणून ती खूण. मीही मिरवणुकीत त्याच्याबरोबर चालतो, म्हणून एक शर्ट माझा. तो सगळ्यांत आधी शिवायचा, कारण दरवर्षी मी पोट वाढल्याचं लपवतो आणि मग शर्ट उसवून पुन्हा शिवावा लागतो.

या जानेवारीत तो चहा पिता पिता डावीकडे कलला. त्याची बायको जनकावहिनी आणि मी मिळेल ती गाडी करून त्याला नांदेडला नेलं. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. आम्ही वेळेत पोचलो होतो, त्यामुळे पंधरा दिवसांत तो आपल्या पायांनी चालत घरी आला. हातात जोर आला, बोलणं तर कधी गेलंच नव्हतं. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं माझ्या शर्टाच्या शिलाईला नाव ठेवलं आणि मला वाटलं, सुटलो एकदाचे.

सुटलो कसले. दुसऱ्या दिवशी दाढी करून तो दुकानात आला तर उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर पंधरा दिवसांचं पांढरं रान. मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, अर्धी कुणासाठी ठेवलीस? तो शांतपणे म्हणाला, "कोनती अर्धी?" आणि गालावरून हात फिरवला. उजव्या.

घरी जेवताना तो उजवीकडची भाजी संपवायचा आणि डावीकडचा ठेचा तसाच ठेवून वहिनींवर ओरडायचा, की ठेचा काहून वाढला न्हाई. वहिनी दोनचार दिवस भांडल्या. मग गप ताट फिरवायला लागल्या. ताट फिरलं की ठेचा उजवीकडे यायचा आणि हा म्हणायचा, आत्ता कसं वाढलं.

त्याची लेक शीतल नांदेडला नर्स आहे. तिनं डॉक्टरांशी बोलून आम्हाला समजावलं. बाबांचे डोळे चांगले आहेत, म्हणाली, पण मेंदू डाव्या बाजूकडे लक्षच देत नाही. आणि आपलं काही बिघडलंय हे जिथून कळायचं, तिथंही मार बसलाय. म्हणून ते खोटं बोलत नाहीत आणि हट्टही करत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं सगळं जागच्या जागी आहे. व्यायाम केला तर पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ सुधारतं. पण आपल्याला काही झालंय हे पटल्याशिवाय माणूस व्यायाम करणार कसा? भांडून ते पटत नाही, उगीच डोकं तापतं, तेव्हा वाद घालू नका.

व्यायाम म्हणजे काय, तर मान वळवून डावीकडे बघायचं आणि एका कागदावर विखुरलेल्या चांदण्यांवर पेन्सिलीनं काट मारायची. माझ्या मशीनवर मी त्या कागदाच्या शंभर प्रती काढल्या. सटवाजीनं पहिला कागद घेतला, उजव्या अर्ध्यातल्या चांदण्या धडाधड कापल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला. झालं म्हणे. डावीकडच्या सगळ्या चांदण्या तशाच. बाकीचे नव्व्याण्णव कागद त्यानं बालवाडीत द्यायला सांगितले.

मी तापट माणूस आहे. समोरच्याला दिसत नाही हे माहीत असूनही मला राग यायचा. त्याच्या मोटरसायकलची किल्ली वहिनींनी ज्वारीच्या डब्यात लपवली होती, कारण एकदा तो तिच्यावर बसून डावीकडच्या खांबाला घासून आला होता आणि खांब रस्त्यात आल्याची तक्रार करत होता. किल्ली मिळेना तेव्हा सगळं घर आपल्याविरुद्ध झालंय असं त्याला वाटायला लागलं. वहिनींशी बोलणं कमी झालं. पस्तीस वर्षांचा संसार, आणि हा मला म्हणतो, ही आताशा माझ्यापासून काहीतरी लपवून राहिली. वहिनी पत्र्याच्या भिंतीपलीकडे होत्या, त्यांनी ते ऐकलं. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

मार्चमध्ये वस्तीतून कापड यायला लागलं. आम्ही सगळे नको म्हणत असताना त्यानं कात्री हातात घेतलीच आणि आधी माझा शर्ट शिवला. घडी घालून, कागदात बांधून दिला. घरी जाऊन उघडला तर मशीनवरची लांब शिलाई झकास, हातापायांच्या सवयीनं झालेली. पण शेवटचं हातकाम शर्ट समोर पसरून करायचं असतं, ते अर्धंच होतं. एका पट्टीवर सहा काजं रेखीव पाडलेली होती. दुसऱ्या पट्टीवर बटण एकही नाही. त्याच बाजूचा कफ कच्च्या धावदोऱ्यावर लोंबत होता. अजून तीस शर्ट व्हायचे होते, आणि मिरवणुकीच्या सकाळी तीस माणसं उघड्या छातीनं त्याच्या दारात येणार होती. गावाचं हसू त्याला कसं सहन होणार? आणि ते कशाबद्दल हसतायत हे त्याला कळणारसुद्धा नव्हतं.

मी ठरवलं, सेनगावला जाऊन गुपचूप दुसऱ्याकडून बटणं लावून आणायची. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघालो तर तो दारातच उभा आणि मी नेमका त्याच्या उजव्या अंगाला. पिशवीत काय म्हणाला. वाद घालू नका असं शीतलनं बजावलेलं, म्हणून मी थाप मारली, की हिंगोलीत एक शर्ट शिवून घेतलाय, तुझी तब्येत बरी नव्हती म्हणून. त्याचा चेहरा असा पडला, जसं काही मी त्याच्या लेकीचं लग्न परस्पर मोडून आलोय. त्यानं पिशवी ओढून घेतली, शर्ट टेबलावर टाकला आणि सवयीनं उलटा केला.

आता उलटा केल्यावर शर्टाची डावी उजवी बदलते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याच्या नजरेच्या डावीकडे जे राहून गेलं होतं ते सगळं उजवीकडे आलं. मोकळी पट्टी, लोंबता कफ, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर. आणि त्याला जोर चढला. दोन महिन्यांत मी त्याला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

"काजं पाडली अन् बटणं लावलीच न्हाईत. कफ तर कच्चाच सोडला. वैजनाथ, ह्या माणसाच्या घरात कुनी हाय का न्हाई, ह्याला सांगनारं?"

वहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या. त्यानं कॉलर बघायला शर्ट पालथा केला. मानेच्या बरोबर मध्यावर निळे तीन टाके होते.

आधी त्यानं त्या टाक्यांवर अंगठा फिरवला. मग शर्ट सुलट केला, समोर पसरून पाहिला आणि हळू म्हणाला, आता तर बराबर दिसून राहिला. पुन्हा उलटा केला, बटणं गेली. पुन्हा सुलट केला, चूक गेली. असं त्यानं पाचसहा वेळा केलं. शेवटी शर्ट सुलट ठेवून त्यानं डोळे मिटले, बोट काजांवर ठेवलं आणि तिथून डावीकडे सरकवत नेलं. पट्टी लागली. वरपासून खालपर्यंत बोट फिरलं. एकही बटण लागलं नाही. डोळे तर त्याला सगळं बराबर सांगत होते, माझं त्यानं ऐकलं नसतं, पण त्या बोटावर त्याचा चाळीस वर्षांचा भरवसा होता.

"अजून काय काय राहून जातंय माझं?" त्यानं विचारलं.

वहिनींनी सांगितलं. ठेचा, दाढी, खांब, किल्ली कुठं आहे तेही. मी त्यानं अर्धवट सोडलेला चांदण्यांचा कागद आणून उलटा फिरवून पुढे ठेवला. आधी काहून सांगितलं न्हाई म्हणून तो चिडला. आम्ही सांगितलं, चाळीस वेळा सांगितलं. मग तो वहिनींकडे वळला आणि म्हणाला, मी तुला लबाड म्हनलो. आणि रडला. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

यानंतर सगळं झटक्यात सुधारलं असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. उलट तो बसूनच राहिला. दहाबारा दिवस दुकान उघडलं नाही, जेवण कमी, बोलणं नाही. मला वाटलं, हे कळण्यापेक्षा न कळणंच बरं होतं, निदान हा भांडत तरी होता. मी शीतलला फोन केला. ती म्हणाली, काका, आपलं काय गेलंय ते त्यांना आता कळतंय, त्याचंच हे दुःख आहे. फक्त त्यांना एकटं सोडू नका. हे दुःख लांबलं तर डॉक्टरांना दाखवायचं, औषध असतं त्याला. मग मी रोज सकाळी चहा घेऊन त्याच्याकडे जायला लागलो. एके दिवशी त्यानं विचारलं, ते बालवाडीचे कागद हायत का दिले? मी दिले नव्हते.

तिथून तो कामाला लागला. टेबलाच्या डाव्या कडेला त्यानं निळ्या दोऱ्याची जाड ओळ शिवलेली पट्टी ठोकली. ती ओळ दिसेपर्यंत मान वळवायची, ती दिसली की मग काम सुरू. ताटाखालच्या फडक्यालाही तशीच ओळ. वहिनींनी ताट फिरवणं बंद केलं. तो ओळ शोधत शोधत ठेच्यापर्यंत पोचायचा आणि पोचला की दोघं हसायची. रोज दोन कागद. सुरुवातीला डावीकडच्या तीन चांदण्या सापडल्या, मग सात. मोटरसायकलची किल्ली त्यानं आपणहून पुन्हा ज्वारीच्या डब्यात टाकली.

वस्तीतल्या अर्ध्याहून जास्त शर्टांचं कापड त्यानं परत केलं. प्रत्येकाच्या घरी स्वतः जाऊन सांगितलं, की माझं डाव्या बाजूचं ध्यान गेलंय, यंदा एवढे जमायचे न्हाईत. लोक हसतील असं मला वाटलं होतं, कुणी हसलं नाही. बारा जणांनी मात्र कापड परत घ्यायला साफ नकार दिला.

तेरा एप्रिलला दुपारी त्यानं मला हाक मारली. माझा शर्ट टेबलावर होता, आता बटणं लावलेला, कफ पक्का केलेला. त्यानं माझ्यादेखत तो उलटा केला. आपला शिवलेला शर्ट त्याला उलटा करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. शिलाईवरून बोट फिरवून झाल्यावर त्यानं शर्ट सुलट करून माझ्याकडे सरकवला.

"आता तू बघ. काय राहिलं आसंल तर सांग."

मी बघितलं. कफ चांगला, कॉलर चांगली. बटणं वरून मोजत खाली आलो. पाच होती. सगळ्यात खालचं नव्हतं. पँटीत खोचल्यावर ते कुणाला दिसणारही नव्हतं, आणि त्याचा चेहरा इतका आशेचा होता की झकास आहे म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. पण त्या दिवशीचं त्याचं बोलणं माझ्या कानात होतं, ह्या माणसाच्या घरात कुनी हाय का न्हाई.

"खालचं बटण राहिलंय, टेलर," मी म्हटलं.

त्यानं मान निळ्या ओळीपर्यंत वळवली. बोट पट्टीवरून खाली नेलं, मोकळ्या जागेवर आलं तसं थांबला आणि हसला.

"राहिलंय खरं," तो म्हणाला, "आन ती सुई इकडं."