बारा डिग्रीची वाट

जर्मनीत प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात फांडच्या, म्हणजे अनामत भरलेल्या, रिकाम्या बाटल्या साठतात. दुकानात परत द्यायच्या असतात, पण एकेक घेऊन कोण जातंय! मग एक दिवस पिशवीच मावेनाशी होते. आमच्या तळ्यावरच्या गमतींचं तसंच झालंय. आज पिशवी उचललीच आहे.

तळं बर्लिनच्या टोकाला, एस-बान लोकल संपते तिथून पंधरा मिनिटं चालत. माझी पीएच.डी. त्या तळ्याच्या तापमानावर, म्हणून मी तिथली. बाकी मंडळी म्हणजे माझे शेजारी, इंजिनिअर प्रकाशदादा, वैशालीवहिनी, त्यांची नऊ वर्षांची मिहिका, आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये वेंगुर्ल्याहून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेले दादाचे वडील, आबा.

*

आबांनी चाळीस वर्षं समुद्रात मासेमारी केली. मग गुडघे गेले, होडी विकली. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "आता ह्यी एकच खेप. परत काय येवचंय नाय. प्रकाश कधी होडीत बसूक नाय, अभ्यास होतो. एकदा तेच्या हातचो मासो बघतंय नि जातंय."

आता जर्मनीत मासे पकडायला परीक्षा द्यावी लागते. दादा पास होता! कल्ले, पर, कुठला मासा किती लांबीचा झाल्यावर धरायचा, सगळं जर्मनमध्ये तोंडपाठ. मासा मात्र एकही पकडलेला नव्हता. आणि आबांकडे लायसन्स नाही, म्हणून त्यांना गळ, त्यांच्या भाषेत गरी, टाकायला बंदी.

"म्हणजे ज्येका येता तेका बंदी, नि ज्येका येणा नाय तो पास!"

दादा म्हणाला, "गेनाऊ." अगदी बरोबर!

*

दादाला हवा होता बार्श. हिरवट मासा, अंगावर काळे पट्टे. उन्हाळ्यात तो तळ्यात कुठेही विखुरलेला असतो. शरद आला, पाणी बारा डिग्रीच्या खाली उतरलं, की बारकी मासळी धक्क्यापाशी गोळा होते आणि तिच्यामागून बार्श झुंडीनं येतो. त्या वर्षी उन्हाळा हटतच नव्हता. पाणी तेवीस!

मी आबांना हे सगळं ग्राफ काढून समजावलं. त्यांनी ग्राफ बाजूला सारला. "माका बारा कळणा नाय. हातात सांग."

मग वहिनीच्या किचनमध्ये बादलीत बर्फ घालून मी पाणी बरोबर बारावर आणलं. आबांनी मनगटापर्यंत हात घातला आणि हात किती टिकतो ते मोजायला लागले. चाळीस. साठ. त्यांचा चेहरा बघून फोनवर ॲम्ब्युलन्सचा एकशेबारा टाइप करून बसले होते मी! नव्वदला त्यांनी हात काढला, पंचाला पुसला.

"कळलां. बारा म्हणजे नव्वद."

*

मध्यंतरी वहिनीनं सुपरमार्केटमधल्या फ्रोझन माशाची आमटी केली. आबा मन लावून जेवले. शेवटी म्हणाले, "वैशाली, मासो बरो आसा. पण डोक्याक नि शेपटेक काय केलंस?"

"अहो आबा, इकडे मासे असेच येतात."

"चौकोनी?"

मिहिका मान हलवून म्हणाली, "या, आबा. इमर." हो, नेहमीच, म्हणे!

*

ऑक्टोबरमध्ये आबांना राहवेना. गळ टाकायचा नाही ना? ठीक. त्यांनी दादाच्या गळाच्या दोरीला, आकडा काढून, माझा थर्मामीटर बांधायला लावला. मग रोज संध्याकाळी धक्क्यावर बसून ते थर्मामीटर पाण्यात सोडायचे. दोरीवर बोट टेकवून. डोळे मिटून. तापमान बघायला इतका वेळ लागत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

एके दिवशी पाठीमागून आवाज आला, "फिशराय-आउफझिष्ट!" मासेमारीचा तपासनीस! मी एवढी दचकले की त्याला आधी लायब्ररीचं कार्ड दाखवलं, मग प्रवासाचं सेमिस्टर-टिकिट. त्यानं शांतपणे दोरी ओढली. टोकाला थर्मामीटर. बराच वेळ तो त्याच्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "किती?"

"चौदा," मी कशीबशी म्हणाले.

"त्सू वार्म," मान हलवत तो निघून गेला. फारच गरम!

आबा त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघून म्हणाले, "ह्येका कळता."

*

आबांचं विमान मंगळवारी. शेवटच्या रविवारी आम्ही सगळे धक्क्यावर. दादा लायसन्स खिशात घालून, गळ हातात धरून उभा. मी थर्मामीटर वर काढला. तेरा पूर्णांक चार.

सगळे माझ्याकडे बघत होते. आबा सगळ्यात जास्त. पीएच.डी.च्या पाच वर्षांत मी एकच आकडा खोटा सांगितलाय, तो तेव्हा.

"बारा, आबा."

आबा गुडघे धरत खाली बसले. हात पाण्यात घातला. नव्वद झाले. शंभर झाले. एकशेवीसला त्यांनी हात काढला.

"बाय गो," ते म्हणाले, "तुजां मशीन खोटां बोलता."

मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या हातातून थर्मामीटर घेतला आणि स्वेटरच्या खिशात टाकला. "खोटां बोलणारां मशीन माझ्याकडेच रवांदे."

दादा काळोख होईपर्यंत गळ टाकत राहिला. काही लागलं नाही.

*

आबा गेल्यावर दोन आठवड्यांनी पहिली थंडी पडली. शनिवारी सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. नव्या थर्मामीटरवर अकरा. पाण्यात बारकी मासळी एवढी, की पाणी उकळतंय असं वाटावं. गळ टाकायच्या आधी त्यानं वेंगुर्ल्याला व्हिडिओ कॉल लावला.

आबा अंगणात बसले होते.

"किती?"

"अकरा, आबा. खरंच अकरा. शप्पथ!"

"थांब." त्यांनी फोन कशाला तरी टेकवला. समोर एक बादली. तिच्या काठावरून माझ्या जुन्या थर्मामीटरची दोरी लोंबत होती. शेजारी पाटीत मासळीबाजारातला बर्फ. "माझां अजून तेरा आसा. दोन तुकडे टाकतंय."

आम्ही थांबलो. आबांनी बर्फ टाकला, ढवळलं, वाकून बघितलं, मग बाही वर केली. दादानं गळ खाली ठेवला आणि तोही पाण्याशी वाकला.

मोजायला सुरुवात केली मिहिकानं. मराठीत.

सत्तरला दादानं दात आवळले. फोनमध्ये आबांचाही चेहरा तसाच. ऐंशीला दोघांनी एकदमच हात बाहेर काढले.

"प्रकाश," आबा म्हणाले, "आता टाक गरी."